चिंचपाल्याचे तीनशे बारा पत्ते

रत्नमाला रामटेके स्वस्थ बसलेली अड्याळात कुणी पाहिली असेल, तर त्यानं ती स्वप्नातच पाहिली असावी. जेवताना ती दोनदा उठते. चहा अर्धा पिते आणि उरलेला कप कुठे ठेवला ते विसरते. एसटीची वाट बघायची म्हटलं तर थांब्यावर उभी राहत नाही, पुढच्या थांब्याकडे चालू लागते, आणि गाडी मधल्या रस्त्यात तिला मागे टाकून गेली की ड्रायव्हरवर चिडते. नवरा अश्वजित शाळामास्तर. साठ पोरांना तो एका जागी बसवू शकतो, बायकोला नाही. पण तिची सगळ्यांत वाईट खोड वेगळीच आहे. समोरच्याचं वाक्य ती पुरं होऊ देत नाही. तुम्ही 'आज बाजारात' एवढंच म्हणा, पुढचं ती म्हणेल, आणि बहुतेक वेळा चुकीचं म्हणेल.

कोंढ्याच्या मंगरूची ही पोर. मंगरू दुसऱ्याच्या धानाच्या बांध्यांत चिखलणी करायचा, आई पार्वताबाई रोवणीला जायची. पोरीनं शिकायचं, हे त्या घरात ठरलेलंच होतं, त्यावर चर्चा नव्हती. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया निराळा निघाला त्या वर्षी ती नागपुरातून पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन परतली. कॉम्प्युटरच्या भाषांमधली सी तिला मनापासून आवडली होती. थोडक्यात बोलायचं आणि लगेच कामाला लागायचं, हा त्या भाषेचा स्वभाव आणि हिचाही. अड्याळच्या बाजारओळीत एका खोलीत तिनं कॉम्प्युटरचा क्लास काढला. तिथेही ती शिकवायची ते येरझारा घालतच.

दोन हजार एक साली पवनीच्या विणकरांच्या सोसायटीनं तिला बोलावणं धाडलं. सोसायटीत पत्ते पाडायचं मशीन आलं होतं. पदरावर नक्षी काढायची तर हातमागावर जेकार्ड बसवतात, आणि जेकार्डाला लागतात भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते. नक्षीच्या एका ओळीला एक पत्ता. जिथे भोक तिथला धागा वर उचलला जातो, जिथे नाही तिथला खाली राहतो. एक भोक चुकलं तर कापडावर पान तुटलेलं दिसतं. हे पत्ते गेली सव्वीस वर्षं गोमाजी बारापात्रे हातानं पाडत आला होता. आता कॉम्प्युटर सांगेल तशी भोकं मशीन पाडणार होतं. पण मशीनबरोबरची फ्लॉपी वाटेतच खराब झाली होती. हाती होतं एक माहितीपुस्तक आणि कॉम्प्युटरच्या मागच्या सीरियल पोर्टात खोचायची पाच तारांची एक केबल.

रत्नमालानं ते पुस्तक वाचून सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला. नक्षी भरून घ्यायला ती आणि गोमाजी शेजारी शेजारी बसले. तो जुन्या पत्त्यांवरची भोकं वाचायचा, ती टाइप करायची. अकरा दिवस. तिच्या आयुष्यातला हा बसण्याचा उच्चांक. उद्घाटनाच्या दिवशी पुढारी, नारळ, फोटोवाला सगळे जमले असताना मशीन मधेच अडकलं आणि पाच मिनिटं हललंच नाही. ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. पण दोन दिवसांत तिनं असा काही इलाज केला की ते पुन्हा कधी म्हणून अडकलं नाही. 'माझ्या प्रोग्रॅमात चूक नाही', हे वाक्य तेव्हापासून तिच्या तोंडात बसलं ते बसलंच.

गोमाजीचं काम मात्र गेलं. सोसायटीनं त्याला तिथेच चौकीदार केलं. ज्या खोलीत तो पत्ते पाडायचा तिच्याच दाराशी तो स्टूल टाकून बसू लागला. जाता-येता रत्नमाला त्याला 'काका, बरं आहे ना?' विचारायची आणि उत्तर येण्याआधी आत शिरायची. त्याच्या नजरेला नजर देणं तिला जड जात होतं, हे खरं कारण.

सोसायटीला लागूनच खेमराज सोनकुसरेचं घर. पुढच्या खोलीत माग, मागे चूल. पहिल्या वर्षी सोसायटीत रत्नमालाचा चहा खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या स्टीलच्या गिलासात यायचा. ती समजायचं ते समजली होती आणि मूग गिळून होती. एके दिवशी खेमराजची बायको विजयमाला घरातला फुलांचा कप घेऊन स्वतः आली, चहा तिच्या हातात दिला, आणि जाताना खिडकीतला तो गिलास उचलून घेऊन गेली. त्यावर कुणी कधी एक अक्षर बोललं नाही. रत्नमालानं तो चहा मात्र शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

हे सगळं मागचं. आता दोन हजार नऊचा एप्रिल.

सोसायटीचा जुना कॉम्प्युटर मार्चअखेर कायमचा झोपला. अध्यक्ष धर्मेंद्र पराते मोठा उत्साही गडी. तो नागपूरहून दुसरा घेऊन आला, वापरलेला पण जुन्याच्या कितीतरी पट वेगवान. रत्नमालानं त्यात तोच प्रोग्रॅम टाकला, केबल जोडली, काठाचे बारा पत्ते पाडून पाहिले. बिनचूक निघाले. मग तिनं चिंचपाल्याचा पदर लावला.

चिंचपाला ही गोमाजीच्या हातची जुनी नक्षी. बारीक बारीक पानं, इतकी दाट की पत्त्यावर कोऱ्या जागेपेक्षा भोकंच जास्त. एकंदर तीनशे बारा पत्ते. जुने हातानं पाडलेले पत्ते छप्पर गळून भिजले आणि कुजले होते, त्यामुळे नक्षी आता फक्त कॉम्प्युटरात होती. मशीन धडाधड चाललं. गोमाजीनं दारातूनच एक पत्ता उजेडासमोर धरला आणि म्हणाला, "हे चिंच नोहे बाई. हे त बाभूळ बी नोहे."

भोकं गाळली होती. एक गाळलं की पुढची सगळी सरकली होती. दुसऱ्यांदा पाडले तर गाळलेली भोकं भलत्याच जागी.

हा पदर हवा होता खेमराजला. त्याच्या रंजिताचं लग्न ठरलं होतं. तीस वर्षं त्यानं करवती काठाच्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणल्या, आणि त्यातली एकही घरात राहिली नाही. सगळ्या व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यात गेल्या. त्याच्या स्वतःच्या लग्नात विजयमालाच्या अंगावर मिलची साडी होती. ते त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. रंजिता बापाच्या मागावरची साडी नेसूनच मांडवात उभी राहील, असं तो चारचौघांत बोलून बसला होता. साडीचं अंग विणून झालं होतं, काठ झाले होते. पदर तेवढा बाकी होता. अर्धी साडी मागावर ताणून उभी होती आणि माग गप्प होता.

"मॅडम, लगनाले एकवीस दिवस राह्यले," तो म्हणाला. "पदराले दहा लागते. बाकी मी काही म्हणत नाही, पण..."

"परवा पत्ते देते भाऊ. कॉम्प्युटरचीच काहीतरी भानगड आहे. माह्या प्रोग्रॅमात चूक नाही."

"अन् मॅडम, तो मागचा वायर, उंदरानं..."

"उंदराचं औषध ठेवा ना मंग," ती म्हणाली आणि कॉम्प्युटरच्या मागे वाकलीसुद्धा.

परवा आला आणि गेला. रत्नमालानं काय काय केलं नाही! आधी पोर्ट तपासला. त्याची जुनी युक्ती तिला ठाऊक होती. बोलायची पिन आणि ऐकायची पिन एकमेकींना जोडून द्यायच्या, म्हणजे कॉम्प्युटर जे बोलेल तेच त्याला परत ऐकू येतं. तिनं केसातली पिन काढून पोर्टच्या त्या दोन्ही पिनांवर दाबून धरली आणि टाइप केलं. अक्षरं जशीच्या तशी परत आली. पोर्ट चांगला. मग तीच पिन केबलच्या दुसऱ्या टोकाला लावली. अक्षरं आली. केबल चांगली, असा तिनं शिक्का मारून टाकला. मशीनला अर्थिंग नवं घातलं. विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून अश्वजितच्या शाळेतून स्टॅबिलायझर मागून आणला. एकाच भोकाचा पत्ता पाडून पाहिला, बरोबर. दोन भोकांचा, बरोबर. चिंचपाला लावला की चूक.

तिची झोप उडाली. सकाळी पहिल्या एसटीनं पवनीला यायची, दुपारी क्लाससाठी अड्याळला, चारच्या गाडीनं पुन्हा पवनी. खिडकीजवळ बसून तिचं बोट समोरच्या सीटच्या पाठीवर टकटक वाजत राहायचं, एकदा तर पुढच्या बाईनं वळून विचारलं, "काहून वो, दार वाजवून राहिल्या काय?" घरी भाजी करपली. अश्वजितनं 'प्रोग्रॅम एकदा उघडून पाहा' एवढं सुचवलं, तर ती त्याच्यावर उसळली. आठ वर्षं चाललेला प्रोग्रॅम उघडायचा कशाला? आठ वर्षं जे चाललं ते बरोबरच असलं पाहिजे. मग बिघाड कशात? कॉम्प्युटर तपासला, केबल तपासली, वीज तपासली. उरलं कोण? उरतात ती माणसं.

आणि इथे रत्नमालाचं डोकं नको त्या वाटेनं गेलं. माणसाला स्वतःची चूक शोधायची नसली की दुसऱ्याची फार लवकर सापडते.

सहाव्या दिवशी चौथ्यांदा पत्ते वाया गेले. खोलीत धर्मेंद्र होता, खेमराज होता. दारात गोमाजी उभा राहून मशीनकडे कान देऊन होता. ती एकदम त्याच्याकडे वळली.

"काका, खरं सांगा. तुमी हात लावला काय मशीनले? किल्ली तुमच्याजवळच राह्यते. सव्वीस वर्षाचं काम गेलं तुमचं, राग असन मनात."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. गोमाजीचं तोंड काही सांगायला म्हणून उघडलं होतं, ते तसंच मिटलं. त्यानं कनवटीचा जुडगा सोडला, खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "किल्ली तुह्याजवळच राहू दे. मी बाहीर बसतो." आणि स्टूल उचलून तो कडुलिंबाखाली जाऊन बसला.

धर्मेंद्रनं घसा खाकरला. "मॅडम, शनिवारी मीटिंग आहे. तवापर्यंत जमलं त ठीक, नाही त ही मशीन काढून टाकू. खेमराजभाऊ, तुमी साध्या पदराचं पाहा."

खेमराज घरी गेला आणि मागाजवळ नुसता बसला, हे तिला भिंतीपलीकडून कळत होतं, कारण मागाचा आवाज येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा गोमाजी झाडाखालीच होता. ती कुलूप उघडून आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. मशीनपुढे बसवेना, झाडाकडे जाववेना. मंगरूच्या घरात कुणी कुणाचा हक्क मारत नाही असं ती शिकली होती, आणि इथे तिनं एका माणसाचं आधी काम घेतलं होतं आणि वर इमान. तिला स्वतःची शिसारी आली. शेवटी ती झाडाखाली गेली.

"काका, मी लई वाईट बोलली."

"बोलली त बोलली," गोमाजी म्हणाला. "आता जराशी बस. अन् मले पुरं बोलू दे."

ती मातीतच बसली. तिच्या जिभेवर तीन प्रश्न आले, ते तिनं गिळले.

"मशीन दम घेऊन नाही राहिली," तो सावकाश म्हणाला. "जुन्या कम्पूटरवर भरला पत्ता आला का ठक् करे, अन् थांबे. ठक् करे, अन् थांबे. मी दारातून आयकत होतो ना रोज. आता थांबतच नाही, हाणूनच राहिली. हातानं पाडतानी मी बी दाट पत्त्यावर दम घेऊ. नाही घेतला का भोक सुटे."

ती उठायला लागली. त्यानं हातानंच बस म्हटलं.

"अजून झालं नाही. तो मागचा वायर. मशीन आली त्याच्या दुसऱ्या वर्षी उंदरानं खाल्लता. तू तवा बाळंतपणाले गेल्ती. धर्मेंद्रनं म्हटलं नागपूरचा माणूस बोलावू. खेमराज म्हणे, कायले? म्या जोडतो. जोडला त्यानं. अन् मशीन चालली. तो तुले सांगाले येऊनच राहिला हप्त्यापासून, तू आयकशील तवा ना."

मशीनच्या मागे, भिंतीच्या कडेला, केबलवर बोटभर लांबीचं सुताचं वेटोळं होतं. इतकं सफाईदार गुंडाळलेलं की रत्नमालाला ते कंपनीनंच घातलेलं वाटत आलं होतं. तिनं ब्लेडनं ते कापलं. आतून कोशाचा रेशमी धागा निघाला, पदर विणावा तशा हातानं गुंडाळलेला. पाच तारा होत्या. चारांवर उंदराच्या दातांचे नुसते ओरखडे. पाचवी, हिरवी, पुरी तुटलेली होती. आणि तिची दोन टोकं एकमेकांना बांधलेली होती.

ताण्यातला तुटलेला धागा विणकर सांधतात तशी गाठ. बारीक, घट्ट, ओढली तर आणखी आवळणारी. तारेवरचं हिरवं प्लास्टिक तसंच ठेवून मारलेली. आतलं तांबं तांब्याला कुठेच शिवलेलं नव्हतं. धागा जोडायला गाठ पुरते, हे ज्याच्या बोटांना जन्मभर ठाऊक, त्यानं तार सोलायची हे का म्हणून शोधून काढावं?

रत्नमालाला आधी हसू फुटलं. मग संताप आला. हिरवी तार म्हणजे मशीनचा निरोप नेणारी तार. पत्त्यावरची भोकांची एक रांग पाडून झाली की मशीन त्या तारेवरून कॉम्प्युटरला इशारा देतं, मी तयार आहे, पुढचं पाठव. बोलायच्या आणि ऐकायच्या दोन तारा तिनं केसाच्या पिनेनं तपासल्या होत्या, हिरवीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. सात वर्षं ती तार मुकी होती. म्हणजे दोष खेमराजचा! तिचा जीव हलका झाला. तिनं तारेचा तो गाठीचा तुकडा कापून पर्समध्ये टाकला. शनिवारी सगळ्यांपुढे टेबलावर ठेवायचा पुरावा होता तो.

पण एसटीत बसल्यावर एक प्रश्न तिच्या मानगुटीवर बसला. तार सात वर्षं मुकी होती, तर मशीन सात वर्षं चाललं कसं? तयार असल्याचा इशारा आल्याशिवाय कॉम्प्युटरनं पुढचं पाठवायचंच नाही ना? मग गाठ मारली त्याच दिवशी मशीन बंद पडायला हवं होतं.

ती वाटेत माहेरी, कोंढ्यालाच उतरली. आईनं पाणी दिलं ते हातातच राहिलं. माळ्यावरच्या ट्रंकेत तिचे जुने कागद होते, त्यात प्रोग्रॅमची छापील प्रत, लांबच लांब, घड्या पडलेली. पार्वताबाईच्या ओसरीवर ती उलगडून तिनं बोट फिरवायला सुरुवात केली. चौथ्या पानावर बोट थांबलं.

तिथे लिहिलं होतं ते साध्या मराठीत एवढंच: अमुक आकड्यापर्यंत मोज आणि इशारा आला का पाहा. नसेल तर पुन्हा मोज, पुन्हा पाहा. असं दहादा करूनही इशारा आला नाही, तर वाट पाहू नकोस, पुढचं पाठव. आणि बाजूला तिच्याच अक्षरात पेनानं टीप होती: 'लोकांपुढे अडकलेलं दिसू नये.'

उद्घाटनानंतरचा तो इलाज हाच होता. दुरुस्ती तिनं कधी केलीच नव्हती. मशीननं उत्तर दिलं नाही तरी दामटून पुढे जायचं, एवढंच तिनं शिकवलं होतं. जुना कॉम्प्युटर मंद होता. त्याला दहादा मोजायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात मशीन आपसूक तयार होई. खेमराजच्या गाठीला त्या मंदपणानं सात वर्षं सांभाळून घेतलं. नवा कॉम्प्युटर दहादा मोजून पापणी लवायच्या आत मोकळा होत होता. काठाच्या विरळ पत्त्यांवर मशीनचं काम झटपट आटपे, म्हणून तिथे निभावलं. दाट चिंचपाल्यावर मशीन अजून भोकं पाडत असतानाच पुढची रांग अंगावर येऊन पडत होती आणि तिच्यातली भोकं गळत होती.

गाठ उघडी पडली असती, पहिल्याच दिवशी, जर तिचा प्रोग्रॅम इशाऱ्यासाठी थांबला असता. तिला लाज वाटली. साधी नाही, कानशिलं तापवणारी लाज. खोलीतल्या प्रत्येकावर तिनं आळ घेतला होता आणि चूक तिच्याच ट्रंकेत घडी घालून ठेवलेली होती.

"काहून वो पोरी, रडून राहिली काय?" पार्वताबाईनं विचारलं.

"नाही आई," ती म्हणाली, आणि हातातलं पाणी प्यायली.

शनिवारी सोसायटीत पंधरावीस जण होते. खेमराज कोपऱ्यात भिंतीला टेकून, गोमाजी सवयीनं दाराबाहेर. धर्मेंद्रनं सरळच विचारलं, "मॅडम, साफ सांगा. मशीन खराब का कम्पूटर खराब?"

पर्स तिच्या मांडीवर होती. गाठ काढून टेबलावर ठेवली असती तर सगळे हसले असते, तिचं नाव राहिलं असतं, आणि खेमराजला कळलं असतं की पोरीच्या पदराआड त्याचाच हात आला. तो माणूस पुढे जन्मभर ती साडी पाहून मान खाली घालणार. आणि त्यात खरं अर्धंच असलं असतं.

"दोन्ही चांगले आहे," ती म्हणाली. "चूक माही आहे. प्रोग्रॅम मशीनसाठी थांबतच नोहता. उद्घाटनाले अडकली तवा मले लाज वाटली, म्हणून म्याच तसा लिहिला. आठ वर्षं तुमाले म्हणत आली का माही चूक नाही. खोटं म्हणत होती. अन् काकाले मी तुमच्यापुढे बोलली, तेही खोटं होतं."

"अन् वायर?" खेमराजनं हळूच विचारलं. "मागचा वायर बराबर आहे ना?"

दारात गोमाजीनं मान वर केली. तो तिच्याकडे पाहत राहिला.

"वायर बराबर आहे भाऊ," ती म्हणाली. ते खरंच होतं, सकाळीच तिनं हिरवी तार सोलून डाख दिला होता. गोमाजीनं बिडी शिलगावली आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

धर्मेंद्रनं सोमवारपर्यंत मुदत दिली. रविवारभर बसून तिनं 'पुढचं पाठव' ती ओळ काढून टाकली. आता इशारा येईपर्यंत प्रोग्रॅम थांबणार होता, दहादा नाही, हजारदा नाही, येईल तेव्हा.

सोमवारी खोली भरली. विजयमालाही पदराला हात पुसत आली. रत्नमालानं गोमाजीचं स्टूल आत आणून मशीनशेजारी ठेवलं आणि तो बसेपर्यंत बटण दाबलं नाही. मग मशीन चालू झालं. ठक्, आणि थांबा. ठक्, आणि थांबा. गोमाजी एकेक पत्ता उजेडासमोर धरून खाली ठेवत होता. पन्नास झाले. शंभर झाले. खेमराज ओठातल्या ओठात मोजत होता. दोनशे सात.

आणि मशीन अडकलं.

आवाज नाही, हालचाल नाही. उद्घाटनाच्या दिवशी होती तशीच शांतता, तितकेच डोळे. धर्मेंद्रनं घड्याळ पाहिलं. विजयमालाचा हात तोंडावर गेला. खेमराजचा चेहरा पाहवत नव्हता. रत्नमालाच्या अंगातली प्रत्येक शीर म्हणत होती, ऊठ, काहीतरी कर, बटण दाब. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. एक मिनिट गेलं. दीड गेलं.

"काका," ती म्हणाली, "काय म्हणते मशीन?"

गोमाजी वाकला, कान लावला, मग मशीनच्या तोंडात बोट घालून पत्ता सरकायच्या खाचेत चाचपडला. नव्या पत्त्याचा कोपरा दुमडून खाचेबाहेर राहिला होता. जुन्या प्रोग्रॅमनं इथे बेधडक पुढे जाऊन उरलेले शंभर पत्ते नासवले असते. गोमाजीनं नखानं कोपरा सरळ केला आणि पत्ता आत लोटला.

ठक्.

खेमराज खाली बसला आणि त्यानं तोंड गमछात लपवलं. दुपारी तीनशे बारावा पत्ता निघाला तेव्हा तो घरात पळालाच. अर्ध्या तासात भिंतीपलीकडून मागाचा आवाज सुरू झाला.

लग्नाला रत्नमाला आणि अश्वजित पहिल्या पंगतीआधी पोचले. रंजिता मांडवात उभी होती. करवती काठ, आणि खांद्यावरून चिंचेची बारीक पानं खाली उतरलेली, एकही तुटलेलं नाही. खेमराजनं दोघांना बाजूला घेतलं.

"मॅडम, एक सांगाचं राहूनच गेलं."

रत्नमालाचं तोंड उघडलं. तिनं ते मिटलं आणि थांबली.

"मशीनचा तो वायर उंदरानं तोडलता ना," खेमराज म्हणाला, "तो म्याच जोडलता. तुमाले सांगाले येऊ त तुमी घाईत. मले सारखी धाकधूक, का त्याच्यानंच त नाही ना झालं. पण तुमीच म्हटलं वायर बराबर आहे. तवा कोठी जिवात जीव आला. माहा सांधा कदी सुटत नाही मॅडम. सुटला नोहता ना?"

पर्समध्ये तिचा हात त्या हिरव्या गाठीवर पडला.

"नाही भाऊ," ती म्हणाली. "सात वर्षं सुटला नाही."